निकिताचं बोट

चौथीतल्या निकिताला पुस्तकातले ब, व, क सारखेच दिसत. मुलं ‘ढ’ म्हणून चिडवत, त्यामुळे वर्गात ती तोंडच उघडत नसे. धम्मदीपा मॅडमनी कारंजाहून लाकूड घासायचा पॉलिश पेपर आणला, त्याची अक्षरं कापून पुठ्ठ्यावर चिकटवली. चार महिने निकिता त्या खरखरीत अक्षरांवरून बोट फिरवत मोठ्यानं उच्चार करत राहिली. एके दिवशी तपासणीला आलेल्या साहेबांनी नेमकं तिलाच वाचायला उठवलं. तिचं बोट पानावरचं पहिलं अक्षर गिरवू लागलं, तशी मुलं हसली. “बोट काढ, डोळ्यांनी वाच,” साहेब म्हणाले. निकिताचं बोट हटलं नाही. “साहेब, मले बोटानंच वाचता येते.” आणि तिनं अख्खं पान न अडखळता वाचलं. “शाब्बास! बस खाली,” साहेब म्हणाले. तिनं उभ्यानंच पान उलटलं. “साहेब, पुढचं बी वाचून दाखवू काय?”