वळणावरचा माणूस

सोनाजी लढाईच्या बोटीनं दक्षिण आफ्रिकेला गेला, तेव्हापासून नर्मदाबाई दरसाल औंढ्याच्या जत्रेत बायस्कोपच्या पेटीला डोळा लावून आफ्रिकेतल्या घाटाचं चित्र बघायची. खाली शहामृगं, वर नागमोडी वाट, वळणावर एक माणूस. "ह्यो माझा सोनाजी!"

पुढं तो मेल्याची खबर आली. सुनेचं कुंकू पुसलं, पण म्हातारीला पटेचना. "काहून रडून राहिलीस? त्यो तर घाटात उभा हाय."

यंदा बायस्कोपवाल्याला राहवलं नाही. म्हातारीनं एकदाचं रडून मोकळं व्हावं, म्हणून त्यानं चित्रातला तो माणूस खरवडून टाकला.

नर्मदाबाईनं पेटीला डोळा लावला, तो कितीतरी वेळ काढलाच नाही.

मग सुनेचा हात घट्ट धरून म्हणाली, "द्वारके, कुंकू लाव माय. निघाला त्यो घराकडं!"