त्याच्या वाटणीचं

“त्याच्यासाठी ठेवलंस का?” सासऱ्यांनी विचारलं. पहिला घास अजून तोंडातच होता.

“ठेवलंय, बाबा. तुम्ही जेवा.”

“तुझं ठेवणं मला ठाऊक आहे. हे घे, माझ्यासमोर काढ.”

त्यांनी चाचपत ताटातला अर्धा पाव आणि उकडलेल्या बटाट्याचा मोठा तुकडा बाजूला सारला. सुनेने ते ताटलीत घेतलं, वर थोडी डाळ ओतली. सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने त्यावर वाटी उपडी घातली आणि ताटली ओट्यावरच्या फळीवर ठेवायला लावली. डोळ्यांना आता उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं, पण झाकण नीट बसलंय की नाही हे त्यांची बोटं बरोबर सांगत. उभा जन्म बेकरीच्या भट्टीपुढे गेलेला माणूस.

डाळ म्हणजे नावालाच. मूठभर डाळीत ती दोन दिवस काढायची. सकाळच्या चहाची पत्ती वाळवून संध्याकाळी पुन्हा उकळायची. पाव आदल्या दिवशीचा, दुकान बंद होताना स्वस्तात मिळणारा. पाण्याचा हात लावून झाकणाखाली गरम केला की जरा माणसात यायचा. भाजीची सालं, देठं, सगळं पातेल्यात जायचं. साखर फक्त सासऱ्यांच्या कपात. ती इस्त्री करायची त्या लॉन्ड्रीतल्या बायका चिडवायच्या, “तुझ्या घरी उंदीरसुद्धा डबा घेऊन येत असतील.” तीही त्यांच्याबरोबर हसायची.

सासरेही कमी नव्हते.

“सूनबाई, या चहात दूध घातलंस की नुसतं लांबून दाखवलंस?”

“महागाई किती झालीय, बाबा.”

“कर काटकसर, माझी ना नाही. शिळा पाव काय, मीही शिळाच झालोय. पण माझा पोरगा दिवसभर लिफ्टशी झगडतो. त्याने उपाशी झोपता कामा नये.”

ती ताटं उचलायची.

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. गेल्या थंडीत एका उंच इमारतीत काम करताना तो खाली पडला आणि जागीच गेला. सासरे तेव्हा हृदयाच्या दुखण्याने दवाखान्यात होते. “एवढ्यात त्यांच्या कानावर घालू नका, झेपणार नाही,” डॉक्टर म्हणाले होते. ते घरी आले तोवर सगळं आटोपलेलं होतं. एवढ्यात नको, एवढ्यात नको करत उन्हाळा आला. त्याची पाळी बदललीय, असं तिने त्यांना सांगून ठेवलं होतं. तुम्ही झोपल्यावर येतात, तुम्ही उठायच्या आत जातात.

इस्त्रीच्या तुटपुंज्या पगारात भाडं आणि सासऱ्यांची औषधं भागवायची होती. दोन्हींत कपात होत नाही. कपात करायला हाताशी उरलं होतं ते फक्त जेवण. स्वतःचं रात्रीचं जेवण तिने केव्हाच बंद केलं होतं. सासऱ्यांनी विचारलंच, तर लॉन्ड्रीत खाल्लं म्हणायची.

मुलाला भेटायचा हट्ट त्यांनी कधी धरला नाही, हेच तिचं नशीब. “दमूनभागून आलेल्या माणसाची झोप कशाला मोडायची?” असं तेच म्हणायचे. सकाळी मात्र न चुकता विचारायचे.

“खाल्लं?”

“सगळं खाल्लं.”

“बरं झालं.”

खायची ती. पहिल्यांदा झाकण काढलं ते अन्न पातेल्यात परत टाकायला, पण वास आला आणि तिला राहवलं नाही. मेलेल्या नवऱ्याच्या नावाचं अन्न, तेही म्हाताऱ्याच्या तोंडचं काढलेलं. रडत रडत तिने ताटली पुसून खाल्ली. पुढे ते रोजचंच झालं. रडू हळूहळू कमी झालं. लाज मात्र रोज वाटायची.

त्या दिवशी ती सासऱ्यांना तपासणीला घेऊन गेली. डॉक्टरांनी त्यांचा दंड हातात धरून पाहिला.

“बाबा फार वाळलेत. पोटभर जेवतात ना?”

सासरेच मध्ये बोलले, “जेवतो तर. हिच्या हातचं सोडवत नाही.”

परत येताना तिने त्यांचं मनगट धरलं होतं. नुसती हाडं हाताला लागत होती. तिला स्वतःची शिसारी आली. खरं सांगायचं धाडस तिच्यात नव्हतं, पण यांच्या ताटातलं आता खायचं नाही, एवढं तिने ठरवलं.

संध्याकाळी पुन्हा अर्धा पाव बाजूला सरला.

“बाबा, आज सगळं तुम्हीच खा ना. डॉक्टर काय म्हणाले ऐकलंत ना?”

“डॉक्टरांना काय जातंय बोलायला. मला पचत नाही आता. ठेव त्याला.”

तिने ताटली झाकून फळीवर ठेवली. सकाळी तोच पाव चहाबरोबर त्यांना द्यायचा, त्यांना कळणारही नाही, असा तिचा हिशेब होता. तांब्याभर पाणी पिऊन, पोटाशी पाय घेऊन ती झोपली.

सकाळी जाग आली तेव्हा सासरे फळीपाशी उभे होते. भिंतीचा आधार घेत तिथवर गेले असावेत. एका हातात वाटी होती, दुसऱ्या हाताची बोटं ताटलीत फिरत होती. पाव, बटाटा, वर घट्ट झालेली डाळ. सगळं जसंच्या तसं होतं.

ती धडपडत उठली. थाप तिने जुळवून ठेवलेलीच होती.

“बाबा, काल त्यांना कामावरच जेवण मिळालं, म्हणून...”

सासऱ्यांनी वाटी पुन्हा ताटलीवर घातली. कडेकडेने बोट फिरवून ती नीट बसवली.

“काल तू का जेवली नाहीस, बाळा?”