गाडी चालू असल्याबाबत

वडिलांची फियाट झटक्यात सुरू झाली. ते विसरा, तसं झालंच नाही. अण्णा गेल्यापासून ती मढला, गावच्या घराच्या गोठ्यात सहा वर्षं उभी होती. आई म्हणाली, “शुक्रवारपर्यंत चालू कर, न्हाईतर भंगारवाल्याला देते.” मी गाडीचं दुरुस्तीचं पुस्तक बघून इंजिन खोललं; परत जोडायचं पान फाटलेलं निघालं. शुक्रवारी भंगारवाला आला तेव्हा इंजिन तीन घमेल्यांत होतं. निदान हॉर्न वाजावा म्हणून ट्रॅक्टरची बॅटरी जोडून तीनदा दाबला. अण्णा रोज संध्याकाळी वळणावरून असाच वाजवायचे, म्हणजे आई चहा ठेवायची. आई आतून ओरडली, “ठेवला वो!” थोड्या वेळानं कप घेऊन आली, भंगारवाल्याला म्हणाली, “चहा प्या भाऊ अन् जावा. गाडी चालू हाय.” सबब, आरटीओ साहेबांना विनंती, इंजिन घमेल्यात असलेल्या या गाडीला रोज संध्याकाळी घरी पोहोचल्याचा दाखला मिळावा.