पाचवा हॅलोजन

धुमाळबाईंचा डोस सकाळी सहालाच तयार होऊन शिशाच्या डब्यात बसला होता, आणि डब्याला लाल फीत बांधलेली होती. कॅन्सरची गाठ आतून जाळणारं ॲस्टॅटिन जिल्हा रुग्णालयात पहिल्यांदाच येत होतं. मंत्र्यांनी फीत कापल्याशिवाय इंजेक्शन द्यायचं नाही, असा वरून निरोप होता.

"आता किती उरलं असेल, डॉक्टर?" सव्वा वाजता बाईंनी विचारलं.

"सव्वासात तासांत ते निम्मं होतं, बाई. म्हणजे निम्मंच." डॉक्टर मुजावरांची मान वर होईना. "निम्म्यानं गाठ जायची नाही. आणि पुढचा नंबर वर्षानं."

तीस वर्षं बाईंनी दहावीला हॅलोजन शिकवले होते. गटात खाली जाल तसा रंग गडद होतो, क्रियाशीलता कमी होते, हे पोरांकडून घोकून घेतलं होतं. आयोडिन झालं की त्या खडू ठेवून द्यायच्या. "खालचं ॲस्टॅटिन सोडून द्या. परीक्षेला येत नाही."

दीडला मंत्री आले. बाईंना पाहताच हार सावरत वाकले आणि पाया पडले.

"बाई, मी दहावी ब, शेवटचा बाक!" कॅमेऱ्याकडे बघत त्यांनी बोटं मोजली. "फ्लोरिन, क्लोरिन, ब्रोमिन, आयोडिन. चारीच्या चारी अजून पाठ आहेत!"

टाळ्या पडल्या. पाचवं बोट दुमडलेलंच होतं.

"शाब्बास," बाई म्हणाल्या. "तेवढंच शिकवलं होतं मी."