नाव सांगा बघू

डॉक्टरांनी टेबलावरच्या प्लास्टिकच्या मेंदूतून डाव्या बाजूचा लाल तुकडा काढून सुताराच्या बायकोच्या हातावर ठेवला. "शब्द इथं जुळतात. झटका नेमका इथंच बसलाय." मग त्यांनी सुताराला विचारलं, "या कोण? नाव सांगा बघू." सुताराच्या कपाळाला घाम फुटला, शब्द मात्र फुटेना. बायकोला राहवेना. "अहो डॉक्टर, लग्न झाल्यापासून यांनी जे नाव कधी घेतलंच नाही, ते आज कुठून सापडणार? उगाच छळू नका." डॉक्टर हसले आणि तुकडा परत बसवू लागले, पण काही केल्या तो बसेना. सुतारानं डावा हात पुढं केला, तुकडा उलटा फिरवला आणि अंगठ्यानं दाबून चपखल बसवला. मग घरी काम उरकलं की द्यायचा, तशीच हाक त्याच्या तोंडून निघाली. "अगं." "आले हो," शेजारीच बसलेली ती म्हणाली.