बाबांचं नाक

बाबांचं नाक म्हणजे गॅरेजची शान. धूर हुंगून ते इंजिनाचं दुखणं सांगत आणि त्या नाकावर माशी बसू देत नसत. आज लेकीने गाडीला स्कॅनर लावला. ऑक्सिजन सेन्सर बिघडला होता. इंजिनात नको तेवढं पेट्रोल जात होतं. बाबा सायलेन्सरपाशी वाकले. "छे! धूर साफ आहे." कच्च्या पेट्रोलच्या वासाने तिचं डोकं भणभणत होतं. तिने काजळलेला सेन्सर काढून नवा बसवला, वास गेला. "बघ, धूर तसाच आहे," बाबा पुन्हा हुंगून म्हणाले. संध्याकाळी एकट्या राहणाऱ्या बाबांच्या स्वयंपाकघरात ती गॅसगळतीचा अलार्म बसवू लागली. "हे कशाला? माझं नाक मेलंय?" "माझंच चोंदलंय हल्ली, बाबा." बाबांनी शेगडीची बटणं बंद आहेत ना, ते एकेक करून चाचपून पाहिलं. मग म्हणाले, "इतका वर नको गं. सिलिंडरचा गॅस जमिनीलगत साचतो."