उकळतं पाणी

येर्बाच्या पानांचा कडू चहा पिणारा 'आभारी आहे' म्हणाला की बैठक मोडते; तोवर पाजणाऱ्याने समोर बसून तुंबा पुन्हा पुन्हा भरायचा, ही अख्ख्या साल्तो गावाची रीत. ग्रिसेल्दाचे सासरे, डॉन ओलेगारियो, ते दोन शब्द काही केल्या तोंडातून काढत नसत. रोजची संध्याकाळ अशी अंगणात वाया जाते म्हणून वैतागून तिने पाणी चांगलं उकळतं ओतायला सुरुवात केली. म्हातारा तरीही नळीने सगळं ओढून रिकामा तुंबा निमूट पुढे करायचा.

मग त्यांच्या हिरड्यांवर लाल ठिपके उठले.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तोंडात आरसा घालून नीट पाहिलं. "दात स्वच्छ नसले, जीवनसत्त्वं कमी पडली, तरी असे ठिपके येतात. पण आजोबा, हे पोळल्याचे आहेत. मऊ ब्रश वापरा, मिठाच्या कोमट पाण्याने चुळा भरा. आणि इतकं गरम पाजतं तरी कोण तुम्हाला?"

ग्रिसेल्दाची मान खाली गेली.

"सून बिचारी निववूनच देते हो," म्हातारा म्हणाला. "मीच किटली परत चुलीवर ठेवतो."

बाहेर आल्यावर तिला राहवलं नाही. "बाबा, एवढं पोळत होतं, तर 'आभारी आहे' म्हणून मोकळे का नाही झालात?"

 

"म्हटलं असतं, पोरी. पण मग तू उठून गेली असतीस."